बांधावरची तुती: फळासाठी चार झाडं तरी सोडा

आमच्या गेवराई तालुक्यात तुती म्हटलं की लोकांना रेशीमच आठवतं. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी कोष विकायला पार कर्नाटकातल्या रामनगरला जावं लागायचं. आमचीही दीड एकर व्ही-१ या पाल्याच्या जातीची तुती आहे. पण त्या तुतीला फळ धरलं तरी ते काळं व्हायच्या आतच फांदी कापून रेशमाच्या अळ्यांपुढं खायला जाते. माझी मुलगी सात वर्षांची झाली तरी तिनं पिकलेली तुती चाखली नव्हती, आणि दारात दीड एकर तुती उभी! तेव्हा मी विहिरीकडच्या बांधावर चार झाडं फक्त फळासाठी धरली.

रोपं विकत आणायची गरज नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी छाटणी झाली की सहा-आठ महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निवडा. वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करा आणि खालचं टोक तिरकं कापा. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील असं लावा. डोळा वरच्या दिशेला असल्याची खात्री करा, पहिल्या वर्षी मी निम्म्या काड्या उलट्या लावल्या होत्या. तीन-चार महिन्यांनी रोप बांधावर न्या. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या आणि दोन झाडांत पंधरा फूट अंतर ठेवा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, बांध उंच असल्यानं मुळं कुजत नाहीत.

पहिली दोन वर्षं एकच खोड ठेवा. छातीएवढ्या उंचीपर्यंतची बगलफूट खुडत राहा, म्हणजे खालून माणूस सहज फिरतो. शेळ्यांपासून मात्र जपा. त्यांना तुतीचा पाला लई आवडतो आणि कोवळं झाड त्या एका दिवसात ओरबाडतात.

फळ नव्या फुटीवर येतं, आणि सगळी गोम यातच आहे. मी डिसेंबरच्या मध्याला फांद्या शेंड्याकडून हातभर छाटते, उरलेली पानं ओरबाडून काढते आणि भरपूर पाणी देते. नवी फूट निघते ती फळाचे कोंब घेऊनच, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड काळंशार दिसतं. कोवळी पानं चुरडून गोळा झाली तर तो पिठ्या ढेकूण असतो. तो शेंडा कापून जाळा. औषध मारू नका, कारण फळ आपण न सोलता खातो. शेजारच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्यानं आमच्या तुतीवर आली, तेव्हा तो पाला खाऊन अळ्यांची एक अख्खी बॅच डोळ्यांदेखत मेली. त्या दिवसापासून तुतीजवळ औषधाचा पंप मी येऊ देत नाही.

चवीचं सांगते. हिरवं फळ तुरट. लाल झालं की इतकं आंबट की डोळा मिटतो. काळं झालं आणि देठाला नुसता हात लावताच निसटलं, तेव्हाच ते खरं गोड असतं, मागं थोडी आंबट झाक ठेवणारं. पहाटे झाडाखाली जुनी साडी अंथरून फांदी हलकेच हलवा. उन्हं वर आली की फळ मऊ पडतं. धुवायचं ते खायच्या वेळीच, नाहीतर पाणी सुटतं. घरात ते एक दिवस टिकतं, फ्रिजमध्ये दोन-तीन. शेंड्यावरची फळं मी बुलबुल आणि साळुंक्यांसाठी ठेवते, त्यांचाही बांध आहे.

जास्त निघाली तर मुरंबा करा. एक किलो फळाला सहाशे ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस. लिंबू टाळू नका, नुसत्या तुतीचा मुरंबा नीट घट्ट होत नाही. मंद आचेवर ठेवून थेंब थंड ताटलीवर पसरेनासा झाला की उतरवा. सरबताला गाळलेला रस, साखर, भाजलेलं जिरं आणि काळं मीठ.

माझ्या मनातलं मात्र लाल फळांची चटणी. वाटीभर लाल तुत्या, चार हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या, सुपारीएवढा गूळ आणि मीठ, पाट्यावर जाडसर वाटायचं. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ती असली की कालवण लागत नाही.

कपड्यावर काळा डाग पडला तर सासूबाईंची रीत अशी: डाग ओला असतानाच त्यावर एक कच्चं, लाल फळ चोळायचं आणि लगेच थंड पाण्यानं धुवायचं. मुलीचा शाळेचा पांढरा सदरा असाच निघाला.