सिस्टोमेट्रीत पेशंटला "लघवी आली का" हे कसं विचारायचं

सिस्टोमेट्री म्हणजे कॅथेटरने (बारीक नळीने) लघवीच्या पिशवीत, म्हणजे ब्लॅडरमध्ये, पंपाने हळूहळू द्रव भरून आतलं प्रेशर मोजायचं. प्रेशर मशीन मोजतं, पण लघवीची भावना कधी झाली हे पेशंटच सांगणार, आणि युरोडायनॅमिक टेस्टमधला (ब्लॅडरचं काम तपासणाऱ्या टेस्टमधला) नेमका हाच भाग सगळ्यात ढिला राहतो. सकाळचा टेक्निशियन एक विचारतो, दुपारचा दुसरंच, मग त्याच पेशंटचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले तरी तुलनाच होत नाही. इंटरनॅशनल कंटिनन्स सोसायटी या लघवीच्या ताब्याच्या त्रासांवर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने 2002 मध्ये याची पद्धत घालून दिली, 2016 मध्ये सुधारली, तीच धरून चला.

आधी तीन दिवसांची लघवीची डायरी भरून घ्या आणि इन्फेक्शन नाही ना ते बघा. डायरीतल्या सगळ्यात मोठ्या लघवीच्या साधारण 10 टक्के, एवढा पंपचा दर मिनिटाचा स्पीड ठेवा, म्हणजे 400 मिली असेल तर 40. गर्दी आहे म्हणून स्पीड वाढवू नका, भराभर भरलं की ब्लॅडर नेहमीसारखं वागत नाही. शक्यतो बसवूनच करा, रोज आपण आडवं पडून थोडीच लघवी थांबवतो.

आता मुख्य गोष्ट. पंप सुरू करायच्या आधीच तीन वाक्यं समजावून सांगा, प्रत्येकाला तीच, कागदावर लिहून मशीनलाच चिकटवा:
"आता पिशवी रिकामी नाही असं पहिल्यांदा वाटलं की सांगा."
"घरी असता तर घाई न करता, जमेल तेव्हा जाऊन आला असतात, असं वाटलं की सांगा."
"आता आणखी थांबायला नको, बाजारात असता तरी जवळचं बाथरूम शोधलं असतं, पण दुखत नाही आणि गळेल अशी भीतीही नाही, असं वाटलं की सांगा."
तिसऱ्याला पंप बंद. कॅथेटरची जळजळ यात धरू नका हेही आधीच सांगा, नाहीतर बरेच जण तिलाच पहिली भावना समजतात. दुखणं किंवा अचानक आलेली घाई वेगळी लिहा, या तिघांत मिसळू नका.

मधेमधे "आली ना आता काकू?" असं अजिबात नको, बिचाऱ्या आपलं मन राखायला हो म्हणतात, आणि पंपावरचा आकडा त्यांना दिसणार नाही असा स्क्रीन वळवा.

शेवटी केलेली लघवी अधिक मागे राहिलेली, त्यातून पंपाने भरलेलं आणि सुरुवातीला आत असलेलं वजा करा, जे उरेल ते टेस्ट चालू असताना किडनीने बनवलंय. नुसता पंपाचा आकडा लिहिला तर व्हॉल्यूम कमी दिसतं. रिपोर्टमध्ये तिन्ही भावनांच्या वेळची व्हॉल्यूम, स्पीड, पोझिशन आणि चालू गोळ्या, एवढं लिहाच.