पोरगी बॅले शिकतीय? मग आईबापांनी काय करायचं आणि कुठं गप्प बसायचं

हळदीच्या अडतीत बसणाऱ्या माणसानं बॅलेवर लिहायचं म्हणजे जरा अतीच झालं, पण मागच्या महिन्यात तीन जणांनी मला एकच विचारलं, आमच्या पोरीला पण घालायचंय, काय काय लागतं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. आमची थोरली नऊ वर्षांची असताना सुरू केलं, आता चौदाची आहे. राहायला सांगलीत, विश्रामबागला. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी नाचलेलं नाही, मी तर वरातीत पण गाडीच्या मागनं चालणारा माणूस.

आधी वयाचं टेन्शन काढून टाका. तीन वर्षांच्या पोरीला गुलाबी झगा घालून फोटो काढला म्हणजे बॅले होत नाही, आणि आठव्या-नवव्या वर्षी सुरू केलं म्हणजे गाडी चुकली असं पण नाही. रशियातली वागानोवा अकादमी 1738 सालापासूनची, ती पोरं साधारण दहाव्या वर्षी घेते, लंडनच्या रॉयल बॅले स्कूलची खालची शाळा अकराव्या वर्षापासून. मुलगा असेल तर अजून थोडी सवलत मिळते कारण मुलं कमीच असतात. नवी मुंबईचा अमिरुद्दीन शाह, वेल्डरचा पोरगा, येहुदा माओर नावाच्या मास्तरांकडं मुंबईत शिकला आणि 2017 साली त्याच रॉयल बॅले स्कूलला गेला. तुमच्या पोराला कुणी हसलं तर हे नाव सांगा. पण हे पण लक्षात ठेवा की असा एखादाच जातो, बाकीचे शेकडो घरी येतात, आणि घरी आलेल्यांचं काही वाटोळं होत नाही.

क्लास निवडताना मॅडमना दोन प्रश्न विचारायचे, बाकी चौकशी नंतर. एक, कुठली पद्धत शिकवता? रॉयल अकॅडमी ऑफ डान्सची (ही परीक्षा घेणारी लंडनची संस्था) असेल तर ग्रेड असतात, प्री-प्रायमरी, प्रायमरी, मग एक ते आठ, आणि ज्यांना पुढं मनावर घ्यायचंय त्यांच्यासाठी इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड असा वेगळा रस्ता. आपल्याकडं समजावून सांगायचं तर गांधर्वच्या परीक्षा असतात ना, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, तसलंच. वागानोवा म्हणजे रशियन किंवा चेकेटी म्हणजे इटालियन पद्धत असेल तर तेही चांगलंच, फक्त काहीतरी पद्धत असली पाहिजे, यूट्यूब बघून गॅदरिंग बसवणारा क्लास नको. दुसरा प्रश्न, पॉइंटवर कधी घेता? म्हणजे ते पायाच्या टोकावर उभं राहायचे शूज. आठव्या वर्षी घेतो म्हटले की नमस्कार करून बाहेर पडा. पायाची हाडं त्या वयात पक्की झालेली नसतात, पोटऱ्या, घोटा, कंबर यांच्यात जोर यायला आधी काही वर्षं नीट शिकलेलं असावं लागतं, आणि साधारण अकरा-बाराच्या आधी शहाणी बाई घेत नाही. आमच्या मॅडमनी साडेबाराला घेतलं, तोवर पोरीनं रोज रडून डोकं खाल्लं होतं ते वेगळं.

पोरगी आधी भरतनाट्यम करत असेल तर सोडायची घाई करू नका. आमची करत होती. ताल पक्का होतो, गुडघे बाहेर उघडून बसायची सवय अरमंडीमुळं असते, आणि दोन तास मुकाट्यानं एकच गोष्ट शंभरदा करायचा संयम असतो, हे शेवटचं तर सोन्यासारखं आहे. अडचण एकच, तिकडं पाय जमिनीवर आपटायचा आणि इकडं जमिनीवरनं आवाज न करता उचलायचा, त्यामुळं पहिलं वर्षभर बॅलेच्या मॅडम म्हणायच्या धप्प धप्प करू नकोस आणि भरतनाट्यमच्या ताई म्हणायच्या अगं तुझ्या पायाचा आवाज कुठं गेला. दोघींचं ऐकून पोरगी एक दिवस जेवायच्या ताटावरच फुटून रडली. मग मी ताईंशी जाऊन बोललो, त्या म्हणाल्या जाऊ दे, दोन्ही पाय तिचेच आहेत, आठवड्यातनं एकदा पाठवा. अशी बाई भेटायला भाग्य लागतं.

सांगलीतनं शिकायचं म्हणजे प्रवास आलाच. आमचं असं आहे की शनिवार-रविवार पुण्यात आणि मधले तीन दिवस घरी मोबाईलवर ऑनलाइन क्लास. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. पोरीला गाडीतनं उतरवून थेट क्लासला उभं करू नका, पाच तास बसून कंबर लाकडासारखी झालेली असते, अर्धा तास आधी पोचा आणि चालू द्या. आम्ही शुक्रवारी रात्रीच जातो, मेव्हण्याकडं मुक्काम. मुंबईला जायचं असलं की रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी उतरलं की पाय मोकळे.

आता घरातली फरशी. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. आपल्या घरात खाली टाइल्स नाहीतर शहाबादी, आणि त्याखाली काँक्रीट, त्याच्यावर उड्या मारल्या की सगळा दणका नडगीला आणि गुडघ्याला. बॅलेच्या स्टुडिओत खाली लाकडी सांगाडा असतो, दाबलं की किंचित खाली जाणारा, आणि वर विनाइलचं मॅट. आम्ही काय केलं, मागच्या खोलीत आठ बाय चारचे दोन प्लाय टाकले, खाली जाड फोमचे मॅट, वर न घसरणारं विनाइल, कडा पट्टीनं चिकटवल्या. स्टुडिओची सर नाही येत त्याला, त्यामुळं घरी मोठ्या उड्या बंदच, पण बारचा सराव आरामात होतो. बार म्हणजे तो धरायचा दांडा, फॅब्रिकेशनवाल्याकडनं बनवला, उंची तिच्या कंबरेच्या जरा वर, आणि वाढत्या पोरीसाठी वरखाली सरकवता येईल असा करून घ्या. त्याला मी सांगितलं डान्सचा दांडा, त्यानं विचारलं, म्हणजे पडद्याचा का?

त्या खोलीत आपण जायचं नाही. मी गेलो होतो. मला वाटायचं पाय जेवढा बाहेर वळेल तेवढं भारी, म्हणून रोज म्हणायचो, अजून बाहेर काढ, अजून. दोन महिन्यांत गुडघा दुखायला लागला. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पाय खुब्यातनं वळतो, गुडघ्यातनं नाही, खुबा जेवढा वळतो तेवढंच तिचं, वरचं सगळं ओढून आणलेलं असतं आणि ते गुडघा फेडतो. तसंच पोरगी बेडकासारखी पालथी झोपलेली असताना पाठीवर बसून दाबायचं, हे पण काही आया करताना बघितलंय, कृपा करून करू नका. दुखायला लागलं आणि चार दिवसांत थांबलं नाही तर तेल चोळत बसू नका, हाडाच्या डॉक्टरला नाहीतर फिजिओला दाखवा, मिरजेला दवाखान्यांची काय कमी नाही.

खाणं. एक तर घरात वजनाचा काटा ठेवू नका. आमच्याकडं आज्जी म्हणायची किती वाळली माझी बाय, आणि आत्या म्हणायची आता नाचायचं तर भात बंद कर, दोघीही एकाच पंक्तीला. दोघींना मी हात जोडले. वाढत्या पोरीनं तीन तास घाम काढून वर उपाशी राहिलं की हाडं ठिसूळ होतात, पाळी लांबते किंवा सुरूच होत नाही, आणि पाळी थांबली म्हणजे बरं झालं कटकट गेली असं नसतं, सरळ डॉक्टरकडं जायचं. आमच्या डब्यात भाकरी किंवा पोळी, उसळ, अंडं, दही, आणि प्रवासात शेंगदाण्याचा लाडू नाहीतर तासगावचे बेदाणे. क्लासच्या आधी वडापाव नको एवढं एकच बंधन, तेही उड्या मारताना तिलाच वर येतंय म्हणून.

पॉइंट शूजची माझी चूक ऐका. आपण काय करतो, चप्पल असो की युनिफॉर्म, वाढत्या अंगाचं घेतो. मी पण ऑनलाइन एक नंबर मोठा मागवला, म्हटलं वर्षभर जाईल. मॅडमनी शूज हातात घेतले, माझ्याकडं बघितलं आणि परत पिशवीत घातले. तो शूज पायाला अगदी घट्ट बसावा लागतो, सैल असला की पाय आत खाली घसरतो आणि सगळा भार अंगठ्याच्या टोकावर. पुढचा टणक भाग कापड, कागद आणि खळीचे थर देऊन केलेला असतो, लाकूड बिकूड काही नसतं आत. प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा, आपल्या चपलेच्या नंबरशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून पहिली जोडी मॅडमच्या समोर घालून बघूनच घ्यायची. चार-पाच हजारांच्या पुढंच जाते आणि नियमित वापरली तर काही महिन्यांतच मऊ पडते, मोठे कलाकार तर एका प्रयोगात एक जोडी संपवतात म्हणे, ते आपल्याला परवडणारं नाही. घामानं खळ मऊ होते, म्हणून क्लास झाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, पंख्याखाली खिळ्याला अडकवायचे. पावसाळ्यात तर नक्कीच, कृष्णेचं पाणी चढलं की आमच्या घरात मीठ पण ओलं होतं.

मग ऑडिशन. बहुतेक परदेशी शाळा आधी फोटो आणि व्हिडिओ मागतात. फोटोला आम्ही गावातल्या एका स्टुडिओत गेलो, त्या भल्या माणसानं मागं गुलाबी पडदा लावला, पोरगीचा चेहरा गोरा करून दिला आणि पायाचा पंजा कापला. पंजाच तर बघायचा असतो! तेव्हा पांढरी नाहीतर करडी भिंत, साधा एकरंगी लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा नाचाचा पोशाख), टाइट्स, केस वर घट्ट बांधलेले, दागिने नाहीत, मेकअप नाही, आणि मोबाईल पोरीच्या कमरेच्या उंचीवर धरायचा, वरनं धरला की पाय आखूड दिसतात. काय पोझ पाहिजेत ते शाळा लिहून देते, बहुतेक पहिलं अराबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा मागं ताणायचा) असतंच, ते मॅडम समोर असतानाच काढा. व्हिडिओत मोबाईल आडवा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसलं पाहिजे, गाणी लावून कटिंग करू नका. आम्ही घेतला तेव्हा मधेच भाजीवाल्याचा आवाज आला, परत सगळं पहिल्यापासून.

समोरासमोरची ऑडिशन म्हणजे स्पर्धा नसते, क्लासच असतो. छातीला नंबर लावतात, आधी बार, मग मधे मोकळ्या जागेत, मग उड्या. शिकवणारे एकदा-दोनदा दाखवतात, पोरांनी तेवढ्यात उचलायचं. नावं सगळी फ्रेंच, प्लिए म्हणजे वाकणं, तांद्यू म्हणजे ताणलेला पाय, आमची पोरगी ती नावं एका वहीत अर्थासकट लिहून पाढ्यांसारखी म्हणायची, त्याचा लई उपयोग झाला. बघणारे किती गिरक्या मारल्या ते मोजत नाहीत, पायाची ठेवण, पाठ, संगीताचा कान, आणि सांगितलेलं पोरगी लगेच सुधारते का ते बघतात. म्हणून पोरीला आधीच सांगून ठेवा की चूक दाखवली म्हणजे वाईट नव्हे, तुझ्याकडं लक्ष आहे म्हणून दाखवली. आईबाप बाहेर. दाराच्या काचेला नाक लावून उभं राहू नका. मी खाली जाऊन चहा पितो. अंबाड्याच्या पिना, जाळी, एक जास्तीची टाइट्स आणि सुईदोरा एवढं मात्र बापाच्या बॅगेत पाहिजे, अंबाडा मी स्वतः घालायला शिकलोय, आमच्या हिला पण तेवढा गोल येत नाही.

बाहेर आल्यावर कसं झालं विचारायचं नाही. भूक लागली का विचारायचं. पहिल्या वर्षी नकार आला, दुसऱ्या वर्षी वेटिंग लिस्ट, ती शेवटपर्यंत सरकलीच नाही, आणि यंदा तीन आठवड्यांच्या उन्हाळी कोर्सला घेतलं, फी थोडी माफ. नकाराच्या मेलमध्ये कारण नसतं, शोधत बसू नका, कधी उंची, कधी जागाच चार असतात. नकार आला त्या रात्री महालक्ष्मीत पोरगी वरच्या बर्थवर भिंतीकडं तोंड करून झोपली होती, मी काही बोललो नाही, सकाळी मिरजेला म्हणाली, पप्पा, सोमवारी ऑनलाइन आहे ना?

तिकडचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा मुख्याध्यापकांना मार्चमध्येच अर्ज देऊन ठेवा. पासपोर्ट निवड झाल्यावर नाही, आधी काढा, लहान मुलांचा पाच वर्षं चालतो. फीशिवाय विमान, व्हिसा, विमा, राहणं याचा हिशोब कागदावर मांडा आणि आपल्याला किती झेपतं ते पोरीला पण खरं सांगा, चौदाव्या वर्षी तिला कळतं. आम्ही सांगितलं की स्कॉलरशिप नसेल तर वर्षभराच्या शाळेला नाही पाठवू शकत, ती गप्प बसली, मग म्हणाली, ठीक आहे, मग तीन आठवडे तरी.

आता शूजच्या रिबन्स शिवायच्या राहिल्यात, तिच्या मॅडम म्हणतात ज्याचा पाय त्यानंच शिवायचं, त्यामुळं ती शिवते आणि मी फक्त रिबनची टोकं काडीनं हलकी जाळून देतो, नाहीतर दोरे सुटतात.