आधी तिथी, मग खोली: उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर निसर्गफेरी कशी करावी

पुण्याहून कोकणात जाणारे बहुतेक जण आधी खोली बुक करतात आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाणी कुठवर आहे ते बघतात. एप्रिल-मेमध्ये हा क्रम उलटा हवा. किनाऱ्यावरचे जीव दिसतात ओहोटीत, आणि उन्हात फिरवतं ते फार तर सकाळी नऊपर्यंत. दोन्ही जुळतील असा दिवस सापडला की अर्धं काम झालं.

दिवस काढणे

भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला 2 ची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती. पूर्ण ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातला. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अष्टमीला मात्र भरती सकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी. शिवाय तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असण्याचा काळ, असल्याने पाणी फारसं मागे हटतही नाही. ती तारीख सोडाच. पौर्णिमा किंवा अमावस्येपासून तृतीयेपर्यंतचे दिवस उत्तम, कारण उधाणाचं पाणी चढतं तेवढंच उतरतंही. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मोबाइलवर भरतीचा तक्ता पडताळून घ्या.

निघणे

आदल्या दिवशी दुपारीच पुणं सोडा. चांदणी चौक, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. ‘रात्री दोनला निघू, पहाटे पोहोचू’ हा बेत कागदावरच बरा. घाटात अंधार आणि ओहोटीच्या वेळी डोळ्यांवर झोप.

पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. चप्पल शेवाळावर सटकते आणि अनवाणी चाललात तर कातळाला चिकटलेली कालवं तळपाय कापतात. पाणी माणशी 3 लिटर. पुण्याच्या 40 अंशांना सरावलेल्यांना तिथले 33 अंश किरकोळ वाटतात आणि तिथंच फसगत होते: दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत बाटलीत असू द्या.

कातळावर

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि पाण्याच्या मागोमाग पुढे सरका. पाणी फिरलं की अर्ध्या तासात परता. भरती समोरूनच येईल असं समजू नका. आधी तुमच्या मागच्या सखल घळी भरतात. हरिहरेश्वरच्या देवळामागची प्रदक्षिणेची वाट याच कारणाने चढत्या पाण्यात टाळावी.

सावली पडणार नाही अशा बाजूने एखाद्या डबक्याशी उकिडवे बसा आणि पाच मिनिटं हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो. आत खेकडा बिऱ्हाड करून असतो. तळाशी समुद्रफूल पसरलेलं दिसेल. बोट लावलं की ते मिटतं आणि बराच वेळ उघडत नाही, तेव्हा बोट आवरा. दगड उलटवलात तर होता तसा ठेवा, खालच्या अंगाचे जीव उन्हात लगेच वाळतात. जिवंत, शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शंखाला हातच लावू नका, तो विषारी डंख मारतो.

पुळणीवर

ओल्या वाळूत मोहरी-मिरीएवढ्या गोळ्यांची किरणांसारखी नक्षी दिसली की थांबा. हे चिमुकल्या खेकड्यांचं जेवण. वाळू तोंडात घ्यायची, खाद्य गाळून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. गोळ्यांमध्ये बिळापर्यंत एक मोकळी वाट राखलेली असते, पळ काढायला! पावलांचा कंप जाणवला की सगळे आत, म्हणून दोन-तीन मीटर लांबच बसा.

भरतीच्या रेषेच्या वर मर्यादवेल पसरलेली असते: पान आपट्यासारखं दुभंगलेलं, फूल जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखं. दुपारी फुलं मलूल होतात, फोटो सकाळीच काढा. खाडीकडे वळलात तर कांदळवनात काटेरी पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची मारांडी आणि बारीक पिवळट-नारिंगी फुलांचा तिवर शोधा. पांढरी चिपी रात्री फुलते. 2020 पासून ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. बघायचं ते बांधावरून, कारण चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पायाखाली मोडतात.

पक्ष्यांबाबत अपेक्षा बेताची ठेवा. कुरव हे हिवाळी पाहुणे, बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. ब्राह्मणी घार आणि खंड्या मात्र हमखास, समुद्री गरुड नशिबात असला तर.

कासवांची पिल्लं बघायला वेळास किंवा आंजर्ले गाठायचं असेल तर एप्रिलनंतर भरवसा नाही. ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात आणि हंगाम थंडीत सुरू होतो. निघण्याआधी गावात फोन करून ‘पिल्लं निघतायत का?’ एवढं विचारा, आणि तिथं फ्लॅश बंद ठेवा.