सुती कापडावर टिकणारा पिवळा रंग

सांगलीत हळदीची एवढी मोठी बाजारपेठ असताना पिवळ्या रंगासाठी दुसरीकडे कशाला वळावे, असे कोणालाही वाटेल. पण रोज उन्हात वाळणाऱ्या कापडासाठी मी हळद सुचवणार नाही. हळदीतील कुर्क्युमिन १८१५ साली प्रथम वेगळे काढण्यात आले. कसलाही आधार न घेता ते सुतावर चढते, हा गुण नैसर्गिक रंगांत दुर्मीळ असला, तरी उन्हात त्याचे रेणू लवकर मोडतात. शिवाय ते अल्कलीत लाल होते. म्हणूनच हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल दिसतो आणि भरपूर पाण्यात खळबळल्यावर पुन्हा पिवळा होतो.

त्यापेक्षा आटपाडीकडच्या डाळिंबांची वाळवलेली साल घ्यावी. तिच्या जोडीला जावळी-महाबळेश्वरच्या रानातला हिरडा आणि तुरटी लागते. तुरटीतील ॲल्युमिनियम सुताला नुसते नीट धरत नाही. हिरड्यातील टॅनिन आधी धाग्याला चिकटते, ॲल्युमिनियम त्या टॅनिनला पकडते आणि मग रंगाच्या रेणूशी जुळून पाण्यात न विरघळणारे संयुग बनवते. सतराव्या शतकात युरोपला भुरळ घालणाऱ्या भारतीय चिटाचे, म्हणजे नक्षीदार छापील सुती कापडाचे, पक्के लाल रंग याच जोडीवर उभे होते.

शंभर ग्रॅम कोरे कापड धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातील खळ पूर्ण काढावी, कारण खळ राहिली तर रंग डागाडागांनी चढतो. वीस ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर बुडवावे, पिळावे आणि न धुता वाळवावे. नंतर पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात ते तासभर ठेवावे व हलकेच खळबळावे. पन्नास ग्रॅम साल तासभर उकळून गाळलेल्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास हलवत राहावे आणि त्याच पाण्यात निवू द्यावे.

भांडे स्टीलचेच हवे, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. लोखंडी कढईतले लोह टॅनिनशी संयोग पावून काळपट संयुग बनवते, त्यामुळे पिवळा मळकट होतो. मात्र शेवाळी छटा हवीच असेल, तर शेवटी चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) घातलेल्या पाण्यातून कापड मुद्दाम काढावे. धुवायला रिठा वापरावा आणि कापड सावलीत वाळवावे.