सांतियागो ते मेंदोसा: बस की विमान?

चिलीतील सांतियागोहून अर्जेंटिनातील मेंदोसाला विमान तासाभरात पोहोचते, तर सुमारे ३६० किलोमीटरच्या घाटरस्त्याने बसला, सीमेवरची रांग धरून, सात-आठ तास सहज लागतात. तरीही डिसेंबर ते मार्च या तिकडच्या उन्हाळ्यात दिवसाची बसच घ्यावी, कारण घाटातल्या लोस काराकोलेस या टप्प्याची एकावर एक रचल्यासारखी वळणे रात्रीच्या बसमधून दिसत नाहीत. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र बर्फामुळे हा घाट कधीकधी अनेक दिवस बंद राहतो. पुढचे आरक्षण झालेले असल्यास तेव्हा विमानानेच जावे. बसने परतताना पिशवीत उरलेले सफरचंद सीमेपूर्वीच संपवावे, कारण चिलीचे अधिकारी सामान तपासतात आणि न सांगता आणलेल्या एका फळासाठीही दंड आकारू शकतात.