घरची परिस्थिती बेताची असताना इंजिनिअरिंगचा प्रवेश: या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की घरात दोन टेन्शन एकदम सुरू होतात. पर्सेंटाइलच्या टेन्शनवर अख्खी गल्ली बोलते, पैशांच्या टेन्शनवर घरातलेसुद्धा बोलत नाहीत. बेताच्या परिस्थितीतल्या मुलांना आतून पोखरते ते दुसरेच. प्रवेशातल्या महागात पडणाऱ्या बऱ्याच चुकाही या न बोलण्यातूनच होतात.

"पैशांचं मी बघतो" इथे विषय थांबवणे

बाबा म्हणतात, "तू नुसता फॉर्म भर, पैशांचं मी बघतो." मुलगी मान हलवते. रात्री बाबा फोनवर मामांकडे हळू आवाजात उसने मागताना तिला ऐकू येतात आणि सकाळी ती आपल्या यादीतली चांगली कॉलेजेस गुपचूप खोडते. दोघांचाही हेतू चांगला, नुकसान मात्र मुलीचे. कारण 2024-25 पासून कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तिने खोडलेले एखादे कॉलेज कदाचित परवडलेही असते.

म्हणून ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, भरण्याआधी कागद घेऊन एकत्र बसा. "बाबा, वर्षाला आपल्याला किती झेपेल?" हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण विचाराच. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर खासगी कॉलेजांची मंजूर फी पाहता येते. शिक्षण शुल्क, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस आणि प्रवास वेगवेगळे लिहा आणि चारही वर्षांची बेरीज करा. नेमका आकडा समोर आला की धास्ती बरीच कमी होते.

शेवटी 'टी' असलेला कोड न भरणे

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या योजनेत पाच टक्के जास्तीच्या जागा असतात आणि उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. पण या जागांचा चॉइस कोड, म्हणजे ऑप्शन फॉर्ममध्ये भरायचा कोड, वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी 'टी' येतो. त्याच कॉलेजचा साधा कोड भरला म्हणून या जागेसाठी विचार होत नाही. 'टी'चा कोड वर आणि साधा त्याखाली, असा क्रम लावा. इथला कटऑफ सहसा वर जातो, म्हणून फक्त 'टी'च्याच भरवशावर राहू नका. माफी फक्त शिक्षण शुल्काची असते, बाकीचा खर्च भरावाच लागतो.

कॅपच्या पहिल्या फेरीत यादीतली पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद होतात. तेव्हा मित्राची यादी उतरवू नका. खरोखर जायचे असेल तेच कॉलेज वर ठेवा.

घाबरून मॅनेजमेंट कोट्याचे टोकन भरणे

"आज भरा, उद्या सीट नसेल," असे फोन या दिवसांत येतात. कॅपच्या फेऱ्या संपण्याआधी उसने पैसे काढून असे टोकन, म्हणजे सीट धरून ठेवायची आगाऊ रक्कम, भरू नका. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधूनच व्हावा लागतो. कोट्यातून गेलात तर फी पूर्ण भरायची आणि शिष्यवृत्तीही हातची जाते.

कागद निकालानंतर गोळा करणे

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता यांना वेळ लागतो. निकालाची वाट न पाहता अर्ज करा. सगळ्या कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, ते बघा. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ते खाते कोणते आणि चालू आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. शिष्यवृत्ती उशिरा येते, त्यामुळे पहिल्या हप्त्याची सोय वेगळी ठेवा. आणि फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी तो विसरणारी मुले खूप असतात.

सगळे एकट्याने ओढणे

झोप उडाली, जेवण जाईना, सारखे रडू येऊ लागले तर ताईला, सरांना, कुणाला तरी सांगा. घरात बोलता येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर मूळ दाखले अडकवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), दोघांचेही तसे निर्देश आहेत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.