चित्रपटाच्या टीव्ही प्रीमियरची किंमत कशी काढायची

गाजलेल्या चित्रपटाचे हक्क किती किमतीला घ्यायचे, हे तिकीटबारीवरून ठरवू नका. आधी मिनिटं मोजा. चित्रपट 150 मिनिटांचा, तासाला 10 मिनिटं जाहिराती आणि 2 मिनिटं वाहिनीचे प्रोमो धरले, तर चित्रपटाला तासाची 48 मिनिटंच उरतात. म्हणजे स्लॉट साधारण 187 मिनिटांचा, आणि जाहिरातींचे 10 सेकंदांचे स्पॉटही (तासाला 60 धरून) 187 च.

आता एका स्पॉटचा नेहमीचा दर 100 आणि प्रीमियरचा 250 समजा. 187 गुणिले 250 म्हणजे 46,750. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. सगळे स्पॉट विकले जात नाहीत. 150 विकले, तर हाती 37,500. त्या वेळेत रोजच्या मालिकांचे 168 स्पॉट 100 ने गेलेच असते, ते 16,800 वजा करा. खरी भर 20,700 ची, 46,750 च्या अर्ध्याहूनही कमी. मालिकांचे भाग पुढे ढकलल्याने तूर्त वाचणारा खर्च आणि मुख्य प्रायोजकाची वेगळी रक्कम यात मिळवा. प्रोमोला दिलेला विकाऊ वेळ वजा करा.

टीआरपीचा, म्हणजे कार्यक्रमाच्या दर मिनिटाला सरासरी किती टक्के प्रेक्षक होते त्याचा, अंदाज बांधताना किती जणांनी डोकावलं आणि किती जण टिकले, यांत गल्लत नको. 20 टक्के प्रेक्षक आले, पण 180 मिनिटांतली सरासरी 45 मिनिटंच बसले, तर टीआरपी 5. म्हणून ब्रेकची आखणी महत्त्वाची. पहिला ब्रेक 15-20 मिनिटं कथा पकडल्यावर घ्या, मोठे ब्रेक मध्यंतराच्या आसपास, शेवटच्या अर्ध्या तासात मात्र हात आखडता. ब्रेक दृश्य संपल्यावरच हवा. गाण्याच्या ऐन मध्यात तोडलं की रिमोट हलतोच.

एका रात्रीत पैसे क्वचितच वसूल होतात. करारात किती वेळा दाखवता येईल, किती वर्षं, आणि पुनर्प्रसारणाला कोणता स्लॉट मिळेल, ते पाहा. पहिल्या वेळेवर निम्मा खर्च टाकून उरलेला पुढच्या वेळांवर उतरत्या क्रमाने वाटावा. समान वाटणी कागदावर छान दिसते, पण पाचव्या वेळी तोटा उघडा पडतो.

किंमत पाडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: चित्रपट आधीच ओटीटीवर येऊन बरेच महिने झालेले, समोर मोठा सामना, किंवा प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्राची अडचण सही करण्यापूर्वीच सोडवा. काटछाट करून 20 मिनिटं गेली, तर स्लॉट 25 मिनिटांनी आणि स्पॉट 25 ने घटतात.

टीआरपीची हमी देऊन जाहिराती घेतल्या आणि आकडा घसरला, तर भरपाईचे स्पॉट फुकट द्यावे लागतात. त्यासाठी पुढच्या दोन आठवड्यांतला थोडा वेळ न विकता राखून ठेवा.